मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढणारी मंडळी आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. त्यांना एक साधा प्रश्न विचारून बघा : तुमच्या संग्रहात किती वस्तू आहेत? उत्तर पटकन येत नाही. हा विसरभोळेपणा नव्हे, अडचण प्रश्नातच आहे.

देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे मेसिए ३१ चा फोटो घ्या. त्याच चौकटीत तिच्या लहान सोबतिणी, मेसिए ३२ आणि ११०, बहुधा येतातच. फोटो एक, दीर्घिका तीन. आता मृगातला तेजोमेघ बघा. मेसिएने त्याला ४२ क्रमांक दिला आणि त्याच्याच एका तुकड्याला ४३. मध्ये धुळीचा काळा पट्टा आडवा येतो म्हणून ते वेगळे दिसतात, इतकंच. इथे क्रमांक दोन, मेघ एकच. आणि मेसिए ७३? ते तर एकमेकांशी काही नातं नसलेले चार तारे, आपल्याला जवळजवळ दिसतात एवढंच. ही एक वस्तू, चार, की एकही नाही?

फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाने १८८४ मध्ये दाखवून दिलं, की संख्या ही नुसत्या वस्तूला लागत नाही, संकल्पनेला लागते. बाजारातली केळ्यांची फणी घ्या. फणी म्हणून ती एक, केळी म्हणून बारा. 'किती' विचारण्याआधी 'काय' ते ठरवावं लागतं. आपल्या वैशेषिकांनीही म्हटलंय, की दोन आणि त्यापुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून उपजतात. 'हे एक, हे एक' असं जाणणारी बुद्धी नसेल, तर द्वित्वही नाही.

बरं, मग वहीत करायचं काय? तीन रकाने आखा : फोटो, वस्तू, क्रमांक. एका फोटोसमोर अनेक वस्तू येऊ द्या, एका वस्तूसमोर अनेक क्रमांक. देवयानी एनजीसी यादीत २२४ आहे. दोन्ही याद्यांतली बेरीज केलीत तर ती दोनदा मोजली जाईल. म्हणून बेरीज एका वेळी एकाच रकान्याची करा.

आणि कोणी 'मेसिएच्या ११० पूर्ण झाल्या' म्हणालं, तर त्याचं कौतुक जरूर करा. फक्त लक्षात ठेवा, पूर्ण झाली ती एका माणसाच्या नावाची यादी. त्यानेही १७८१ च्या यादीत १०३ पर्यंतच क्रमांक दिले होते, उरलेले इतरांनी मागाहून जोडले. आकाशाने स्वतःला क्रमांक लावलेले नाहीत. ते आपण लावतो, म्हणून कशाला लावले हे सांगण्याची जबाबदारीही आपलीच.