स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेनंतरचा संघर्ष : वसईतील एक उदाहरण

शस्त्रक्रियेने लठ्ठपणा कायमचा संपतो, असा समज समाजात रूढ आहे. वसईतील एका महिलेचे उदाहरण त्याचा फेरविचार करावयास लावते. सुमारे ३०० किलो वजनामुळे अंथरुणाला खिळलेल्या या महिलेवर २०१५ मध्ये जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली. तेवढ्याने उपचार संपले नाहीत. २०१७ मध्ये बायपास शस्त्रक्रियाही करण्यात आली. सुमारे चार वर्षांत वजन ८६ किलोवर आले.

जठर लहान झाल्याने आहार घटतो. भूक जागविणारे घ्रेलिन हे संप्रेरकही कमी होते. परंतु शरीर गमावलेले वजन परत मिळवू पाहते. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्च घटतो आणि काही वर्षांनी अनेकांचे वजन पुन्हा थोडेफार वाढते. गोड चहा, सरबत, आइस्क्रीम लहान जठरातूनही सहज उतरतात. म्हणूनच प्रथिनयुक्त आहार, व्यायाम आणि ब-१२ जीवनसत्त्व व लोह यांची तपासणी आयुष्यभर चुकत नाही.

सारांश, पुन्हा वाढलेले वजन हा निश्चयाचा पराभव नव्हे, तर दीर्घकालीन आजाराचा भाग होय. उपहासाच्या भीतीने रुग्ण तपासणी टाळू लागला, तर खरे नुकसान तेथेच होते.