केरीवूला : एका वटवाघळाचे नाव व निवासस्थान

प्राणिशास्त्रातील नामे बहुधा ग्रीक वा लॅटिन असतात. 'केरीवूला पिक्टा' हे नाव मात्र निम्मेच तसे आहे. 'पिक्टा' म्हणजे लॅटिनमध्ये 'रंगविलेली'. 'केरीवूला' हे सिंहलीतील 'केहेल् वावुला' या शब्दाचे अपभ्रष्ट रूप मानले जाते. त्याचा अर्थ 'केळीवरील वटवाघूळ'. १७६७ मध्ये पाल्लास याने या जातीचे वर्णन केले व १८४२ मध्ये ग्रे याने 'केरीवूला' हे प्रजातीस नाव दिले.

मराठी वाचकास हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. संस्कृत 'कदली'पासून सिंहलीत 'केहेल्' झाले, मराठीत 'केळ'. 'वावुला' व आपले 'वाघूळ' हे दोन्ही शब्द पाली 'वग्गुली', संस्कृत 'वल्गुली' यांच्या कुळातील होत. 'वाघूळ' शब्दाचा वाघाशी काही संबंध नाही. अर्थात 'केरीवूला' म्हणजे शब्दशः 'केळवाघूळ'च.

हे नाव किती यथार्थ आहे, हे प्राण्याकडे पाहिले म्हणजे कळते. वजन सुमारे ५ ग्रॅम, अंगावर लांब, मऊ, शेंदरी लव, कान नरसाळ्यासारखे. पंखांचे पडदे काळे, परंतु बोटांच्या कडेने शेंदरी पट्टे गेलेले. असा भडक प्राणी शत्रूच्या दृष्टीस सहज पडेल असे वाटते. पण तो दिवसा केळीच्या सुकून लोंबणाऱ्या पानांत लपतो, आणि तेथे हाच रंग वाळल्या पानाच्या रंगात मिसळून जातो. सुगरणीच्या रिकाम्या घरट्यांतही तो आढळतो. रात्री तो जमिनीलगत फडफडत, घिरट्या घालीत कीटक टिपतो. भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतची कोरडी वने, झुडपी राने व शेते हा त्याचा प्रदेश होय.

पानात त्याला झाकणारा हा रंगच मनुष्याच्या लोभास कारण झाला आहे. मारून, वाळवून, चौकटीत बसविलेली ही वटवाघळे परदेशांत शोभेच्या वस्तू म्हणून विकली जातात. मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०२० च्या सूचीत ही जात संकटसमीप गणली आहे.

चौकटीखालच्या चिठ्ठीवर 'केरीवूला' हे नाव तेवढे राहते. ते नाव केळीच्या पानाचे आहे, भिंतीचे नव्हे.