तारांगणाचे छायाचित्र : किती प्रकाश, किती वेळ?

मनुष्याच्या डोळ्याला प्रकाश साठवून ठेवता येत नाही. कॅमेऱ्याला तो ठेवता येतो. रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रणाचे सारे शास्त्र या एका भेदावर उभे आहे. अलीकडे पुष्कळ घरांतून चांगले डिजिटल कॅमेरे आले आहेत. परंतु ते लग्नमुंजींच्या पलीकडे क्वचितच जातात. बालाघाट जिल्ह्यातील परसवाड्यासारख्या अरण्यालगतच्या तहसिलीच्या गावी ज्यांचे घर किंवा आप्त आहेत, त्यांना तर आकाशाचे हे धन अंगणातच उपलब्ध आहे.

प्रथम रात्रीची निवड. चंद्रप्रकाशात मंद तारे लोपतात, म्हणून अमावास्येच्या आगेमागेच्या चारपाच रात्री उत्तम. येथे मध्यप्रदेशातील आपल्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला महिना अमावास्येला संपतो, तर शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे आपल्या पंचांगातील चैत्री अमावास्या त्यांच्या पंचांगात वैशाखी असते. रात्र एकच, नावे दोन! सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने संधिप्रकाश पूर्ण मावळतो. तोवर धीर धरावा.

आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या परिसरात आहे. परसवाडा सुमारे २२ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने हा भाग तेथे दक्षिणेस जवळजवळ ३९ अंश उंच चढतो. लंडनच्या मराठी घरातून तोच जेमतेम दहा अंशांवर दिसतो. चैत्राच्या अखेरीस तो मध्यरात्रीच्या सुमारास आग्नेयेस दिसू लागतो व पहाटे दक्षिणेस येतो. आषाढ-श्रावणात ढग आडवे येतात. हिवाळ्यात मृग, कृत्तिका आणि व्याध आहेतच; मात्र त्या दिवसांत भिंगावर दव धरते, म्हणून कोरडे मऊ फडके जवळ असावे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. तो तिवईवर घट्ट बसवावा आणि सर्व योजना स्वतःच्या हाती घ्यावी. स्वयंचलित यंत्रणेला काळोख उमगत नाही. भिंगाचे छिद्र शक्य तितके मोठे, म्हणजे एफ/२.८ किंवा एफ/३.५ ठेवावे. एफ/४ वर येणारा प्रकाश एफ/२.८ च्या निम्मा असतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

खरी अडचण वेळेची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून शटर फार वेळ उघडे राहिल्यास ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. यासाठी एक सोपा आडाखा आहे : ५०० या संख्येला भिंगाच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे, येईल तितके सेकंद. २४ मिलिमीटरच्या भिंगास सुमारे २० सेकंद मिळतात. मात्र हा हिशेब मोठ्या, पूर्ण आकाराच्या संवेदकाचा. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांचा संवेदक लहान असतो. त्यांत नाभीय अंतर आधी दीडपट करावे. म्हणजे १८ मिलिमीटरला सुमारे १८ सेकंद आणि ५० मिलिमीटरला जेमतेम ७ सेकंद उरतात. ध्रुवाजवळचे तारे मंद गतीने सरकतात, म्हणून तेथे थोडी अधिक सवलत मिळते.

छिद्र आणि वेळ ठरल्यावर उरते ती संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ. प्रारंभ ३२०० पासून करावा. चित्र फार उजळ आले तर १६०० वर यावे. आकडा वाढविल्याने नवा प्रकाश येत नाही, आलेलाच मोठा करून दाखविला जातो व त्याबरोबर दाणेही वाढतात.

भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून घ्यावा आणि तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत भिंग हाताने फिरवावे. बटण दाबताना यंत्र हलू नये म्हणून दोन सेकंदांच्या विलंबाची सोय वापरावी. चित्र रॉ स्वरूपात साठवावे, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात. विजेरीवर लाल कागद बांधावा. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि पांढरा प्रकाश ती सारी कमाई क्षणात घालवितो. काळोखाच्या शोधात रात्री अरण्यात मात्र शिरू नये. तेथील रात्र वन्य पशूंची आहे. आपले अंगण वा गच्ची पुरेशी आहे.

हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हे. काळोख ही आता जपण्याची वस्तू झाली आहे. नागपूरजवळच्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतील रस्त्यांचे दिवे जमिनीकडेच प्रकाश टाकतील असे बदलण्यात आले. दिवे विझवावे लागले नाहीत, केवळ त्यांची माने खाली वळवावी लागली. हे परसवाड्यात किंवा अन्य कोणत्याही गावी अशक्य नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. दरवर्षी त्याच अमावास्येला, त्याच जागेवरून, त्याच घटिकेस, त्याच छिद्राने, वेळेने आणि आयएसओने एक चित्र घ्यावे व आकडे वहीत टिपावेत. दहा वर्षांनी ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली की क्षितिजावरचा पिवळा उजेड किती वर चढला, हे घरातल्या लहानग्यालाही वाचता येईल. आणि ग्रामपंचायतीपुढे दिव्यांचा प्रश्न मांडावयाचा झाल्यास त्याहून बोलका पुरावा दुसरा कोणता असणार?