पगार आणि शिल्लक

नोकरीसाठी एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अशा वेळी सर्वप्रथम नजरेत भरतो तो पगाराचा वाढलेला आकडा. परंतु केवळ या आकड्यावरून निर्णय घेणे योग्य ठरेल काय? या प्रश्नाचे उत्तर एका उदाहरणाच्या साहाय्याने शोधू या. त्यातील रकमा केवळ हिशोब समजण्यासाठी घेतल्या आहेत.

समजा, नागपुरात एका तरुणाला दरमहा 20,000 रुपये हाती मिळतात. त्यातून घरभाड्याचे 4,500, अन्नधान्य व भाजीपाल्याचे 7,000, प्रवासाचे 1,200 आणि वीज, गॅस, औषधे व मुलांचे शिक्षण यांचे 3,300 रुपये खर्च होतात. महिनाअखेर त्याच्याजवळ 4,000 रुपये उरतात. त्याला मुंबईत 30,000 रुपयांची नोकरी मिळते. पगार दीडपट झाला! पण तेथे दूरच्या उपनगरातील लहानशा घराचे भाडे 13,000, अन्नधान्याचा खर्च 8,500, लोकलचा पास व इतर प्रवास 1,000 आणि बाकीचा खर्च 4,500 रुपये होतो. एकूण खर्च 27,000 रुपये. शिल्लक केवळ 3,000 रुपये. पगार दहा हजारांनी वाढला, बचत मात्र एक हजाराने घटली.

या दोन हिशोबांत सर्वांत मोठा फरक घरभाड्याचा आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. शासनानेही हा फरक मान्य केला आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे लोकसंख्येनुसार तीन वर्ग केलेले आहेत. मुंबई पहिल्या वर्गात, तर नागपूर दुसऱ्या वर्गात मोडते. जुलै 2017 पासून या वर्गांना अनुक्रमे मूळ वेतनाच्या 24, 16 व 8 टक्के भत्ता मिळू लागला. 2024 मध्ये हे प्रमाण 30, 20 व 10 टक्के झाले. खासगी नोकरीत मात्र असा भत्ता मिळेलच असे नाही. म्हणून त्याची चौकशी आपणच करावी लागते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. सांगितलेला पगार आणि हाती येणारा पगार यांत अंतर असते. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर इत्यादींची कपात त्यातून होते. नव्या घरासाठी अनामत रक्कम द्यावी लागते. सामान हलवण्याचा खर्च येतो. मुंबईत लोकलचा पास स्वस्त असला, तरी उपनगरातून रोज जाण्यायेण्यात तीन-तीन तास जातात. त्या वेळेचीही किंमत असते. गावी असलेल्या आईवडिलांना भेटण्यासाठी करावा लागणारा प्रवासही हिशोबात धरावा.

याचा अर्थ मोठ्या शहरात जाऊच नये, असा नाही. नवे कौशल्य शिकण्याची संधी, पुढील बढती, मुलांच्या शिक्षणाची सोय यांसाठी काही काळ कमी बचत स्वीकारणेही शहाणपणाचे ठरू शकते. मात्र तो निर्णय डोळसपणे घेतलेला असावा. जाण्यापूर्वी त्या शहरात राहणाऱ्या परिचितांकडून भाडे व बाजारभाव विचारावेत, दोन्ही शहरांचा मासिक जमाखर्च कागदावर शेजारी शेजारी मांडावा आणि घरातील सर्वांशी विचारविनिमय करावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. शहर बदलले की अंथरूणही बदलते. ते आधी मोजून पाहिलेले बरे.