छत्रोत्सवाच्या वाटेवरील दोन स्मारके

फाल्गुन मास लागला की गोमंतकाच्या वाड्यावाड्यांतून ढोल-ताशांचा नाद घुमू लागतो. शिगम्याचे रूप गावोगाव निराळे असते. परंतु साष्टीतील कुंकळ्ळी गावाचा छत्रोत्सव पाहणाऱ्याला जो अनुभव येतो, तो केवळ रंगांचा आणि गुलालाचा नव्हे. गावच्या १२ वांगडांच्या, म्हणजे मूळ गावकरी कुळांच्या, १२ छत्र्या मिरवत निघतात आणि फातर्प्याला वास करणारी श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या मूळ गावी परत येते. वर्षातून एकदा माहेरवाशिणीने घराचा उंबरठा ओलांडावा, तसा हा सोहळा असतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या धर्मांधतेमुळे देवीला गाव सोडावे लागले. त्या वियोगाची आठवण या उत्सवाच्या मुळाशी आहे.

या मिरवणुकीत गावचे ख्रिस्ती बांधवही हिंदूंच्या बरोबरीने सहभागी होतात, हे पाहून परगावच्या भाविकाला नवल वाटते. आज आम्ही वाचकांना याच बांधवांच्या घरात घेऊन जाणार आहोत. देवी ज्या सत्तेमुळे गावाबाहेर गेली, तिच्याच आश्रयाने ज्यांच्या पूर्वजांकडे नवा धर्म आला, त्या घरांतील मुलांना हा इतिहास कोणी आणि कसा सांगावा? शाळेच्या पुस्तकातील चार ओळींनी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते घरातच द्यावे लागते.

प्रथम घडले ते सांगू. १५६७ साली साष्टीतील देवळांचा पोर्तुगिजांनी मोठ्या प्रमाणावर विध्वंस केला. कुंकळ्ळी आणि तिच्या आसपासच्या गावांनी मात्र मान तुकवली नाही. देऊळ मोडले तरी त्यांनी ते पुन्हा उभारले आणि कर देण्याचे नाकारले. २५ जुलै १५८३ रोजी जेझुइट धर्मगुरूंचा एक गट चर्चसाठी जागा पाहण्यास आणि क्रूस उभारण्यास कुंकळ्ळीत आला, तेव्हा साचलेला संताप उसळला आणि पाच जेझुइट मारले गेले. अकबर बादशहाच्या दरबारी काही वर्षे राहून आलेले रुदोल्फो आक्वाव्हिवा त्यांतच होते. त्यांच्यासमवेत काही स्थानिक ख्रिस्ती जनांनीही प्राण गमावले. या पाचांना १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी धन्यपद दिले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. पुढे गावच्या १६ नायकांना वाटाघाटीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे दग्याने त्यांची कत्तल झाली. त्यांतील एकटाच निसटला, असे गावची परंपरा सांगते. गावच्या जमिनी जप्त होऊन परक्या सरदाराच्या हाती गेल्या. आज कुंकळ्ळीत धर्मगुरूंच्या बलिदानाची खूण सांगणारे चॅपेल आहे, आणि नायकांच्या हौतात्म्याचे स्मारकही आहे.

आता कॅथलिक घरातील सायंकाळ डोळ्यांसमोर आणावी. दिवेलागणीला घंटा होते, घरातील वेदीपुढे सारे कुटुंब गुडघे टेकून तेर्स म्हणते. प्रार्थना संपली की लहानांनी थोरांपुढे हात जोडून ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागावा, ही तेथील जुनी रीत. आपल्याकडे शुभंकरोतीनंतर मुले आजीआजोबांच्या पाया पडतात, त्याचेच हे भावंड म्हणावे. धर्माचे पहिले पाठ, संतांच्या कथा आणि घराण्याच्या आठवणी मुलांच्या कानी पडतात त्या याच वेळी. आणि याच वेळी एखादे चुणचुणीत पोर विचारून बसते, “पाद्री मारले गेले ते आपले, की नायक मारले गेले ते आपले?”

हा प्रश्न टाळण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. धन्य झालेल्या पाचांचे चरित्र तेवढे सांगावे आणि नायकांचे नाव गाळावे, ही एक. जुन्या गोष्टी उकरू नयेत, म्हणून मुलाला गप्प बसवावे, ही दुसरी. आमच्या मते दोन्ही वाटा त्या घराच्या धर्मशिकवणीलाच धरून नाहीत.

असे आम्ही का म्हणतो? २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य काही लेखांबरोबर दोन घोषणापत्रे प्रसिद्ध केली. एक शिक्षणाविषयीचे होते. आईबाप हेच अपत्यांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे त्यात प्रतिपादन आहे. दुसरे ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे होते. हिंदू धर्माचा नामनिर्देश करून, अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा चर्च अव्हेर करीत नाही, असा त्याचा आशय आहे. ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचली, तर कॅथलिक आईबापांचे कर्तव्य स्पष्ट होते : मुलाला शिकवायचे ते आपणच, आणि शेजाऱ्याच्या देवाचा मान राखून.

पुढे १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथे चर्चच्या संतानांकडून घडलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेली असहिष्णुता आणि इतरांच्या संस्कृती व धर्म यांचा अवमान यांचा त्या प्रार्थनांत समावेश होता. कॅथलिक मूल लहानपणापासून पापनिवेदनाचा संस्कार शिकते. त्यात दुसऱ्याचे अपराध मोजायचे नसतात. आपले सांगायचे असतात. हीच शिस्त घरातील इतिहासकथनाला लावली, तर देवळे कोणी मोडली हे सांगताना आईची जीभ अडखळण्याचे कारण उरत नाही. मारल्या गेलेल्या पाचांपैकी काही जण आधीच्या विध्वंसक मोहिमांत सामील होते, हे जेझुइटांच्या लेखनातच नोंदलेले आहे. ते झाकून त्यांची श्रद्धा उजळत नाही, आणि ते सांगितल्याने मृत्यूला सामोरे जाताना त्यांनी दाखवलेले धैर्यही उणे होत नाही.

म्हणून त्या मुलाला आजीने सांगावे, “बाळा, पाद्री आपल्या श्रद्धेचे आणि नायक आपल्या रक्ताचे. दोघांसाठीही प्रार्थना करू.” मग त्याचे बोट धरून दोन्ही स्मारके दाखवावीत, आपल्या घराण्याचा वांगड कोणता हे सांगावे, आणि छत्र्या निघतील तेव्हा त्याला रस्त्याच्या कडेला नेऊन उभे करावे. सनावळी पुढे शाळेत पाठ होईल. पण आपल्याच गावात आपण परके नाही, हे त्याला आजीनेच सांगायला हवे.

वाचकहो, या कथेत आपल्यालाही एक पाठ आहे. मंगेशी, कवळे, फातर्पा येथे दर्शनास जाताना आपली मुले विचारतात, “देव इथे का आले?” तेव्हा आपणही खरे तेच सांगावे, आणि ते सगळे सांगावे. विध्वंस झाला हे सांगावे. धर्मसमीक्षण न्यायालयाची स्थापना १५६० साली झाली आणि १८१२ साली ते कायमचे बंद होईपर्यंत त्याचा जाच हिंदूंप्रमाणे नवख्रिस्त्यांनाही भोगावा लागला, हेही सांगावे. मात्र चार शतकांपूर्वीच्या सत्तेच्या अपराधाचा जाब शेजारच्या घरातील मुलाला विचारायचा नसतो, एवढे त्याच्या मनावर अवश्य बिंबवावे. त्याचे आणि आपले पूर्वज कदाचित एकाच छत्रीखाली उभे होते.

देवी दरवर्षी गुलाल उधळीत आपल्या गावी येते, तेव्हा तिच्या वाटेवर दोन्ही धर्मांची लेकरे उभी असतात. घरी ऐकलेली गोष्ट खरी आणि पुरी असेल, तर ती एकमेकांना रंग लावताना कचरणार नाहीत. शिगम्याच्या या पर्वावर श्री शांतादुर्गेच्या चरणी आमची एवढीच प्रार्थना आहे.