श्रोत्यांच्या अंगणातला इतिहास

सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती आणि ती सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखातली निघाली. त्याच वर्षी तिथल्या ‘बुरूड राजाच्या कोटा’त त्यांनी खोदकाम केलं. स्तूपाच्या पोटातून दगडी पेटी बाहेर आली. तिच्यात तांब्याचे, चांदीचे, स्फटिकाचे, सोन्याचे करंडक होते, सोन्याची फुलं होती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. इतका गाजलेला, अभ्यासकांच्या पायाखालचा परिसर, तरी दुसरा तुकडा उजेडात यायला पाऊण शतक लागलं. एवढ्या वर्षांत तो कुणाच्या डोळ्यांखालून गेलाच नसेल, हे मला पटत नाही. बघणाऱ्याला ती अक्षरं काय आहेत हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, एवढंच.

पुरातत्त्वावरच्या मोफत जाहीर व्याख्यानांकडे मी या बाजूने बघतो. विद्वान बोलतो आणि गाव ऐकतं, अशी त्यांची रूढ कल्पना आहे. ती अपुरी आहे. कोकणात पुराव्याचा मोठा भाग विद्वानाजवळ नसतोच. तो श्रोत्यांच्या बांधावर, विहिरीच्या काठावर, देवळामागच्या पिंपळाखाली असतो. व्याख्यान हे त्या दोघांची गाठ घालून देण्याचं निमित्त.

पनवेलच्या बाबतीत ही गाठ पडणं किती गरजेचं आहे, ते नकाशा उघडला की कळतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला बोरघाटाकडे चढणारी वाट. सातवाहनांच्या काळात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं घाटवाटांनी देशावरच्या बाजारपेठांशी जोडलेली होती. ग्रीक प्रवासवर्णनांत या बंदरांची नावं येतात. चौलला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी उत्खननं केली आणि रोमन व्यापाराच्या खुणा शोधल्या. याच घाटवाटांच्या आधाराने लेणी कोरली गेली. कार्ले आणि भाजे सगळ्यांना ठाऊक आहेत, पण कर्जतजवळच्या कोंडाण्याला जाणारे बहुतेक धबधब्यासाठी जातात. तिथे यक्षाच्या भंगलेल्या मूर्तीजवळ एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कण्ह म्हणजे कृष्ण, त्याचा शिष्य बलक याने हे काम केलं, एवढीच त्यातली माहिती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने गुरूच्या नावासह आपलं नाव ठेवलं आहे! हे माहीत असलेला माणूस त्या लेण्याच्या भिंतीवर स्वतःचं नाव कोरणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आणि आपला कर्णाळा. अंगठ्यासारखा तो सुळका मुंबई-गोवा रस्त्यावरून दिसतो. अभयारण्यात पक्षी बघायला शाळांच्या सहली येतात, गिर्यारोहक वर जातात. गडावरच्या दोन शिलालेखांची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. एक मराठी, तिथीवाराविना. दुसरा फारसी, सय्यद नुरुद्दीन महंमद खान याच्या नावाचा, हिजरी ११४६ चा. पनवेलच्या शाळेत शिकलेल्या किती मुलांना हे माहीत असतं? दोष मुलांचा नाही. पाठ्यपुस्तकाला अख्खा महाराष्ट्र सांभाळायचा असतो, त्याला कर्णाळ्याच्या दरवाजाशी थांबता येत नाही. तिथे थांबण्याचं काम गावातल्या व्याख्यानाचं.

व्याख्यानाची सवय आपल्याला नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली आणि तेव्हापासून वाचनालयं, व्यायामशाळा, गणेश मंडळं यांच्या आश्रयाने हा प्रकार गावोगाव रुजला. इतिहासापुरतं बोलायचं तर भारत इतिहास संशोधक मंडळाचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९१० साली पुण्यात ते उभं केलं. मंडळाच्या पाक्षिक सभांत टिपणं वाचली जात, त्यांवर चर्चा होई आणि पुढे ती छापलीही जात. स्वतः राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं त्यांनी उतरवून घेतली. साधनं लोकांच्या घरात आहेत, तेव्हा लोकांना सोबत घेतल्याशिवाय इतिहास लिहिता येणार नाही, हे त्यांच्या सगळ्या धडपडीमागचं गृहीत होतं.

पुरातत्त्वाला ही लोकांची जोड थोडी उशिरा मिळाली. ह. धी. सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजात हा विषय उभा केला. नेवासे, जोर्वे, इनामगाव ही नावं अभ्यासकांच्या तोंडी जगभर गेली, पण मराठी वाचकापर्यंत त्यातलं थोडंच पोचलं. सांकलिया आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हा ग्रंथ राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७६ मध्ये काढला, वा. वि. मिराशींनी शिलाहारांचा इतिहास आणि त्यांचे कोरीव लेख मराठीत आणले. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ त्याही आधीचा. ही पुस्तकं आज वाचनालयाच्या कपाटात असली तरी ती हातात घेण्याची ओढ बहुधा एखादं चांगलं व्याख्यान ऐकल्यावरच लागते.

मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने या बाबतीत मोठं काम केलं. नोकरी सांभाळून येणाऱ्यांसाठी पुरातत्त्वाचे वर्ग चालवले आणि पुढे साठ्ये महाविद्यालय व इंडिया स्टडी सेंटर यांच्यासह साष्टी बेटाची पायी शोधमोहीम काढली. वर्गातले विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक गल्लीबोळांतून हिंडून वीरगळ, गधेगाळ, जुन्या देवळांचे अवशेष नोंदवू लागले. मुंबईसारख्या कोंदट शहरात हे होऊ शकतं, तर पनवेल तालुक्यात का नाही? कोकण इतिहास परिषदेची अधिवेशनंही अशाच हौशी अभ्यासकांना व्यासपीठ देतात. परदेशातही यासारखी एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत १८७९ साली स्थापन झालेली पुरातत्त्व संस्था आपल्या स्थानिक शाखांकडे वक्ते पाठवते आणि ही व्याख्यानं सर्वांना खुली असतात. वक्त्याची सोय मध्यवर्ती संस्था करते आणि गावची शाखा सभागृह व श्रोते जमवते. ही विभागणी आपणही उचलावी अशी आहे.

पण श्रोत्यांच्या हातून काय घडू शकतं हे बघायला अमेरिकेपर्यंत जायला नको, रत्नागिरीपर्यंत गेलं की पुरे. तिथल्या सड्यांवरची कातळशिल्पं हा गेल्या काही वर्षांतला कोकणातला सर्वांत मोठा शोध म्हणायला हवा. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर हत्ती, वाघ, मासे, माणसं, चौकटी, काही उलगडत नाहीत अशा आकृती. कशेळीचा हत्ती अठराएक मीटर लांब आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. आज कोकणात कुठेही न आढळणारा गेंडा या चित्रांत आहे. हे शोधलं कुणी? सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी, म्हणजे रत्नागिरीतल्याच माणसांनी, स्वतःच्या खिशाला खार लावून. त्यांची पद्धत साधी होती. गावात जायचं, जुन्या माणसांशी आणि गुराख्यांशी बोलायचं, सड्यावर ‘चित्रं’ आहेत का विचारायचं. गुराख्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. कुणी त्यांना पांडवांचं काम म्हणे, कुणी तिथे जायला भीत असे. हजाराहून अधिक आकृत्या अशा उजेडात आल्या आणि २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे, गोव्यातलं एक ठिकाणही आहे.

म्हणूनच मी व्याख्यान मोफत असण्यावर अडून बसतो. शंभर रुपयांचं तिकीट लावलं तर सभागृह भरेल, आणि भरणारे लोक चांगलेच असतील. पण सड्यावर गुरं नेणारा येणार नाही. पोकलेन चालवणारा येणार नाही. विहिरीचा गाळ काढणारा, मासेमारीचं जाळं टाकताना ज्याला खाडीत खापरं सापडतात तो कोळी येणार नाही. ज्यांनी यायलाच हवं, नेमके तेच गाळले जातील.

वेळ आणि जागेचंही तेच. संध्याकाळी साडेसहाला पनवेल शहरात ठेवलेल्या कार्यक्रमाला शेवटची एसटी गाठायची असलेला माणूस थांबत नाही. वर्षातली निम्मी व्याख्यानं तरी गावातल्या देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पटांगणात व्हावीत, रात्रीच्या जेवणानंतर, पडदा लावून. कीर्तनाला बसणारं गाव याला बसणार नाही असं मानायचं कारण नाही.

विषयांच्या निवडीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती प्रेमापोटी आहे. आपल्याकडे इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की किल्ले आणि लढाया. शिवकाळाविषयीची ओढ मला पूर्ण समजते. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले रायगड आणि खांदेरी आपल्याच जिल्ह्यातले. त्याचा आनंद मीही साजरा केला. पण त्या ओढीत खापर, मणी, शिंपल्यांचा थर, जुनी मिठागरं, बुजलेली बंदरं यांना जागाच उरत नाही. मग देवळाच्या पायथ्याचा गधेगाळ कुणाला ओळखू येत नाही. वर सूर्य-चंद्र, खाली गाढव आणि स्त्री, क्वचित मधे लेख. दान दिलेली जमीन कुणी हिरावली तर त्याला दिलेली ती शिवी आहे. उत्तर कोकणात शिलाहारांच्या काळापासून असे दगड उभे राहिले. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध लेख अशाच दगडावरचा, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. लाजेखातर असे दगड उलटे टाकले जातात, पायरीला लावले जातात, शेंदूर फासून कुणी त्यांना देव करतं. शेंदूर फासलेला निदान टिकतो! एका तासाच्या व्याख्यानात दहा गधेगाळांची छायाचित्रं दाखवली, तर अकरावा श्रोते स्वतः शोधतील.

प्रश्नोत्तरांचा वेळ म्हणून कधीही कापू नये. आभारप्रदर्शन कापावं. सभा संपल्यावर व्यासपीठाशी घुटमळणारी माणसं बघा, एकजण तरी मोबाइल पुढे करून ‘सर, आमच्या गावाला असा दगड आहे’ म्हणतोच. त्या छायाचित्राची नोंद तिथल्या तिथे व्हायला हवी. गाव, जागा, मोजमाप, सांगणाऱ्याचं नाव, सगळं एका वहीत. माझ्या मते व्याख्यानं भरवणाऱ्या संस्थेच्या कामाचा खरा हिशेब त्या वहीत असतो. श्रोत्यांची संख्या दुय्यम.

इथे घाई आहे आणि ती खोटी नाही. १८५२ च्या नगरपालिकेचं पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिका झालं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. वाघिवलीकडची केरुमाता लेणी त्याच हद्दीत आली. ती वाचावीत म्हणून बौद्ध बांधवांनी आवाज उठवला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. मी विकासाच्या विरोधात नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की टेकडी कापण्याआधी तिच्यावर काय आहे याची यादी गावाजवळ हवी. यादी नसेल तर वाचवायचं काय, याचाच वाद होत बसतो आणि तोवर यंत्रं पोचलेली असतात.

व्याख्यानात कायद्याची दहा मिनिटंही असावीत. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा नियम १८७८ च्या निखात निधी कायद्याचा आणि तो आजही लागू आहे. लोक कळवत नाहीत याला हाव हे एकच कारण नसतं. काम बंद पडेल, जमीन जाईल, पोलीस मागे लागतील, ही भीती मोठी असते. ती जाहीर सभेत, अधिकाऱ्याच्याच तोंडून दूर व्हावी. राज्य पुरातत्त्व विभागाचा माणूस वर्षातून एकदा तरी गावकऱ्यांसमोर बसला पाहिजे.

राहिला पैशांचा प्रश्न. श्रोत्याला मोफत म्हणजे वक्त्याला फुकट नव्हे. तरुण पुरातत्त्वज्ञ आज कंत्राटी कामांवर दिवस काढतात. त्यांना शाल-नारळ देऊन बोळवणं शोभत नाही. प्रवासखर्च, मानधन, पडदा, ध्वनिक्षेपक आणि वर्षाअखेरीस एक छापील टिपण, एवढा खर्च पनवेलसारख्या शहराला जड नाही. पुण्याहून द्रुतगती मार्गाने वक्ता दोन-अडीच तासांत पोचतो, मुंबईहून लोकलने येतो. पहिलं वर्ष चार व्याख्यानांचं ठेवावं: कर्णाळ्याचे लेख, घाटवाटा आणि लेणी, गधेगाळ व वीरगळ, खाडीतली बंदरं. प्रत्येकानंतरच्या रविवारी त्या जागेची पायी फेरी, आणि फेरीला वाटाड्या गावातलाच.