जिथून ऑईल बाहेर, तिथून पाणी आत

बोटीच्या स्टर्नड्राइव्हमधलं ऑईल कमी झालं की बहुतेक चालक बाटली आणतात आणि वर भरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी, पुन्हा बाटली. बोट चालत राहते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. अलिबागजवळच्या मांडव्याच्या बाजूला स्पीडबोटींच्या वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. गिअर खाऊन आलेल्या कितीतरी ड्राइव्ह तिथे उघडल्या, आणि चालकाला विचारलं की सुरुवात या बाटलीपासूनच झालेली असायची. “मिस्त्री, रोज थोडं थोडं पितेय बघा,” असं तो अगदी सहज सांगायचा.

आता मी माझ्या गावी, पिपरी मेघेला परत आलोय. वर्ध्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला होता; त्याच विद्येवर आर्वी रोडला ट्रॅक्टर आणि पंपांची कामं करतो. इथून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही हा विषय इथल्या माणसांपुढे मांडावासा वाटतो, कारण बोटी आता आपल्याकडे येताहेत. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणात राज्य सरकारने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. उद्या विदर्भातल्या इतर जलाशयांवरही इंजिनाच्या बोटी दिसतील. त्या याव्यात, पोरांना त्यात रोजगार मिळावा, असं मला मनापासून वाटतं. पण बोटींच्या पोटातलं ऑईल आपल्या पाण्यात जाऊ नये, हेही तितकंच वाटतं. समुद्राचं पाणी कोणी पीत नाही. धरणाचं आपण पितो.

ड्राइव्हची रचना

पुराच्या वेळी बचाव पथकाच्या रबरी बोटीला मागे टांगलेली मोटर सगळ्यांनी पाहिलेली असते. ती आउटबोर्ड; तिचं इंजिन, गिअर, पंखा सगळं बोटीच्या बाहेर. मोठ्या बोटीत इंजिन आत असतं आणि लांब शाफ्ट तळातून बाहेर पडून पंखा फिरवतो. स्टर्नड्राइव्ह या दोन्हींच्या मधली. इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून. गिअर आणि पंखा मात्र बाहेर, पाण्यात बुडालेले. जिम विन या अमेरिकी अभियंत्याच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये ‘ॲक्वामॅटिक’ नावाने ही रचना बाजारात आणली. पाठोपाठ १९६१ मध्ये अमेरिकेची ‘मर्क्रूझर’ आली. वेगवान फायबरच्या बोटींमध्ये ही रचना जगभर वापरली जाते.

इंजिनाची फिरत आधी क्रॉसच्या जोडातून बाहेर येते. तो जोड रबरी बेलोच्या आत असतो, म्हणजे ड्राइव्ह वळली तरी पाणी आत शिरत नाही. वरच्या गिअरपेटीत फिरत काटकोनात वळून खाली उतरते, खालच्या पेटीत पुन्हा काटकोनात वळून पंख्याच्या शाफ्टला मिळते. ट्रॅक्टरचं क्राऊन-पिनियन जे काम एकदा करतं, ते इथे दोनदा होतं. हे गिअर गिअर ऑईलमध्ये फिरतात. मॉडेलनुसार साधारण दोन ते तीन लिटर ऑईल लागतं. ट्रॅक्टरवाले ज्याला नव्वद नंबर म्हणतात त्याच जातीचं, पण पाण्यातल्या कामासाठी बनवलेलं. ट्रॅक्टरचं ऑईल त्यात ओतून चालत नाही; कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच घालावा.

गळती एकतर्फी नसते

गळतीकडे ‘बाहेर जाणारं ऑईल’ एवढ्याच नजरेने बघितलं तर अर्धीच गोष्ट दिसते. ड्राइव्ह चालताना गरम होते, आतली हवा आणि ऑईल फुगतं, दाब वाढतो आणि झिजलेल्या सीलमधून ऑईल बाहेर पडतं. बोट जेट्टीला लागली, ड्राइव्ह थंड झाली की आतला दाब उतरतो आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वर्ध्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात तापलेला ट्रॅक्टर नाल्याच्या पाण्यातून काढला की काही दिवसांनी कोणीतरी विचारत येतो, “भाऊ, हे ऑईल दुधावानी काऊन झालं?” गरम हाउसिंग अचानक थंड पाण्यात बुडालं आणि त्याने पाणी ओढून घेतलं, हेच त्याचं उत्तर. नाल्यात ट्रॅक्टर घटकाभर असतो. बोटीची ड्राइव्ह मात्र पाण्यातच राहते.

पाणी शिरलं की ऑईलचा थर गिअरच्या दातांवर टिकत नाही. धातूवर धातू घासतो, दातांवर खड्डे पडतात. बोट काही दिवस उभी राहिली तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज चढतो, आणि पुढच्या वेळी सुरू केल्यावर तो गंजच बेअरिंग खातो. वर बाटलीने ऑईल भरल्याने पातळी बरोबर दिसते, पण आत शिरलेलं पाणी तसंच राहतं. म्हणून वर भरत राहण्याइतकी महागात पडणारी दुसरी सवय नाही.

कोणतं ऑईल, कुठून?

बोटीत ऑईल एकाच प्रकारचं नसतं. इंजिन ऑईल असतं, ड्राइव्हचं गिअर ऑईल असतं, ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या ट्रिम पंपाचं हायड्रॉलिक ऑईल असतं, काही बोटींत पॉवर स्टिअरिंगचंही. म्हणून आधी बोटावर घेऊन बघावं. वापरलेलं इंजिन ऑईल काळं. हायड्रॉलिकचं पातळ. गिअर ऑईल जाड, आणि त्याला गंधकाचा उग्र वास; तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. पंख्याच्या मधून काळं पाणी ठिबकत असेल तर घाबरण्याआधी ते बोटांत चोळून पाहावं. पुष्कळ ड्राइव्हचा धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो. चोळल्यावर चिकट-बुळबुळीत लागलं नाही तर ती नुसती काजळी.

मग ड्राइव्ह डिझेलने नाही, साबणाच्या पाण्याने जमिनीवर धुवावी, पुसून कोरडी करावी, खाली पांढरा पुठ्ठा ठेवावा आणि रात्रभर सोडावी. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग जागा दाखवतो. गळतीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली, पंख्याच्या शाफ्टचं सील. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा हेच. पाण्यात सोडून दिलेला तंगूस किंवा जाळ्याचा धागा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि सीलची ओठासारखी कड कापतो. ज्या जलाशयात मासेमारी चालते तिथे हा धोका रोजचा. म्हणून पंखा अधूनमधून काढून शाफ्ट बघितलाच पाहिजे.

दुसरी, ऑईल सोडायच्या आणि हवेच्या स्क्रूखालचे वायसर. जुनेच परत लावले की गळती पक्की. हे वायसर स्वस्त असतात. प्रत्येक वेळी नवीन टाकावेत.

तिसरी, गिअर बदलणाऱ्या दांड्याचं सील, आणि वरची व खालची पेटी जिथे जुळते तिथली ओरिंग.

चौथी, क्रॉसच्या जोडाकडचं सील. ही गळती फसवी असते. ऑईल बेलोच्या आत जमतं, बाहेर थेंबही दिसत नाही, पण पातळी उतरत राहते. ड्राइव्ह उतरवल्याशिवाय ती सापडत नाही. त्याच वेळी बेलो हाताने दाबून, घड्या उलगडून बघावा. चिरलेला बेलो म्हणजे फक्त बेअरिंगचं नुकसान नाही; तिथून पाणी बोटीत शिरून उभी बोट बुडू शकते.

पाचवी, काही ड्राइव्हना इंजिनाजवळ ऑईलची अर्धपारदर्शक बाटली असते, तिची नळी. ही बाटली मुद्दाम पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवलेली असते. त्यामुळे आतल्या ऑईलचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडा जास्त राहतो आणि बाटलीतली पातळी बघून गळती लवकर कळते. पातळी उतरली तर ऑईल बाहेर जातंय. चढली, तर पाणी आत येतंय. चढलेली पातळी बघून खूश होणारे चालक मी पाहिलेत. खरं तर तेव्हा बोट तिथेच थांबवायला हवी.

तपासणीचा क्रम

बोट रात्रभर उभी असेल तर सकाळी इंजिन चालू करण्याआधी खालचा स्क्रू थोडासा सैल करावा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं; असेल तर आधी तेच येतं. मग खाली तसराळं ठेवून खालचा आणि वरचा, दोन्ही स्क्रू काढावेत आणि ऑईल पूर्ण सोडावं. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. स्क्रूला चुंबक असेल तर त्यावरची बारीक करडी पूड झिजेची, ती चालते. चकचकीत तुकडे दिसले तर पेटी उघडावीच लागेल.

रिकाम्या ड्राइव्हमध्ये हातपंपाने दहा ते पंधरा पीएसआय हवा भरावी आणि काटा उतरतो का बघावं. शाफ्ट हाताने फिरवत, गिअर बदलत बघावं. काही सील फिरल्यावरच गळतात. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा सांगतात. एवढ्यावर थांबू नये. हवा काढून उलटीही चाचणी घ्यावी. पंख्याच्या शाफ्टवर सहसा दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. एकाची कड आत, ऑईल धरायला. दुसऱ्याची बाहेर, पाणी अडवायला. आतला दाब पहिल्याची कड शाफ्टवर घट्ट बसवतो, त्यामुळे तिथे ‘पास’ झालेली ड्राइव्ह हवा ओढल्यावर नापास होऊ शकते.

सील बदलताना शाफ्टवरून नख फिरवावं. जुन्या सीलने खाच पाडली असेल आणि नख अडकत असेल, तर नवीन सीलही थोड्याच दिवसांत गळेल. तिथे बारीक स्लीव्ह चढवावी किंवा शाफ्ट बदलावा. नवीन ऑईल खालच्या छिद्रातून पंपाने, वरच्या दिशेने भरावं. वरच्या छिद्रातून बुडबुडे थांबून सलग ऑईल आलं की आधी वरचा स्क्रू लावावा, मगच खालचा पंप काढावा. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि पातळी खोटी दिसते.

समुद्रावरची जुनी बोट घेऊन धरणात आणणाऱ्यांसाठी आणखी एक. ड्राइव्हला गंजापासून वाचवायला जस्ताचे तुकडे लावलेले असतात. ते स्वतः झिजतात आणि ड्राइव्हचं ॲल्युमिनियम वाचतं. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही. तिथे मॅग्नेशियमचे किंवा ॲल्युमिनियमचे लावावे लागतात. नाहीतर सीलच्या बसण्याच्या जागेवरच खड्डे पडतात आणि कितीही चांगलं सील टाकलं तरी गळती थांबत नाही.

पाण्याचा हिशेब

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकून पाहिलं होतं. १७७४ मध्ये छापलेल्या त्याच्या वृत्तांतानुसार ते सुमारे अर्धा एकर पाण्यावर पसरलं. म्हणजे आपल्या भाषेत वीस गुंठे, एका चमच्यात. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की गाडीच्या एका ऑईल बदलातून निघालेलं वापरलेलं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी बिघडवू शकतं. रोज ‘थोडं थोडं पिणारी’ बोट हंगामभरात किती ऑईल पाण्यात सोडत असेल, याचा विचार यावरून करता येईल.

आम्हा वर्ध्याच्या लोकांना हे जवळून कळतं. आमचं पाणी धाम नदीचं. महाकाळीच्या धरणातून सोडलेलं पाणी येळाकेळी, पवनारला उचललं जातं आणि घराघरात येतं. उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येणार याची चर्चा प्रत्येक ओट्यावर असते. अशा पाण्यावर ऑईलचा तवंग सहन करण्याचं काहीच कारण नाही. तवंग दिसला की त्यावर साबण टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती घातक. तवंग फुटून दिसेनासा होतो, पण ऑईल पाण्यातच मिसळून राहतं, माशांपर्यंत पोचतं. फक्त ऑईल शोषणारे पॅड मिळतात, ते बोटीत ठेवावेत. बोटीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी पंपाने बाहेर फेकू नये, डब्यात काढावं.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. १९१७ चा जुना कायदा बदलून आलेला २०२१ चा अंतर्देशीय जलवाहनांचा कायदा बोटीची नोंदणी, तपासणी आणि प्रदूषण या तिन्हींबद्दल बोलतो. वापरलेलं ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावं, असं २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम सांगतात.

पण थेंब पाण्यात पडण्याआधी तो कायद्याला नाही, जेट्टीवरच्या मुलालाच दिसतो. मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला होणारी प्रवासी वाहतूक पावसाळ्यात बंद राहते. ड्राइव्ह उतरवून बेलो आणि सील बघायला तिकडे तो वेळ मिळतो. धरणावर बोटी आणताना असा तपासणीचा महिना आधीच ठरवावा. जवळच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेल्या मुलांना दाबाची चाचणी शिकवावी. क्राऊन-पिनियन कळणाऱ्या पोराला हे अवघड नाही. आणि प्रत्येक बोटीला एक वही असावी, त्यात किती ऑईल भरलं ते रोज लिहावं. ज्या बोटीच्या वहीत लागोपाठ दोन दिवस ऑईल भरल्याची नोंद दिसेल, ती तिसऱ्या दिवशी पाण्यात उतरू नये, हा नियम तिकीटखिडकीशेजारी सगळ्यांना दिसेल असा लावावा.